सरांचा लाल गोल

कांद्याच्या गुणधर्मांच्या शेकडो जोड्या तपासल्या, की कॉम्प्युटरच्या तक्त्यात काहींपुढे निव्वळ योगायोगानंही ‘नातं पक्कं’ असा तारा छापून येतो, हे शर्वाणीनं पीएचडीच्या गाईडना परोपरीनं सांगितलं. पण खांडबहाले सर ऐकतील तर शपथ!

“तारा दिसला की शोधनिबंध लिहायचा. नाहीतर प्रबंधावर सही विसर!”

विभागाच्या बैठकीत तिनं नवा तक्ता लावला. सरांनी सवयीनं एका ताऱ्याला लाल गोल केला.

“बघा! घटक ‘झ’ वाढला की कांदा टिकतो. मी वर्षानुवर्षं हेच सांगतोय!”

शर्वाणी बोललीच.

“सर, ‘झ’ कांद्यात नसतोच. तो रकाना मी कॉम्प्युटरला फासे टाकायला लावून भरलाय.”

सगळे खो-खो हसले. सरांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि सहीसाठी निळं मागितलं.