हरणी गाय आणि सुनेचा हात

जनावरे माणसांशी अजून मोकळेपणाने बोलत असत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावात तानाक्का नावाची म्हातारी राहत होती.

तानाक्काला जनावरांचे वेड लहानपणापासूनचे. इतर मुली सासरी येताना लाडू-करंज्या आणतात, हिने पाटीखाली झाकून कोंबडी आणली. तेव्हापासून तिचे अंगण कधी रिकामे राहिले नाही. शेळ्या झाल्या, बदके झाली, एक लंगडा कुत्रा आला, त्याच्यामागून दोन मांजरे आली. घरात कोण उपाशी आहे ते तिला सांगावे लागे, पण कोणत्या शेळीने पाला कमी खाल्ला ते तिला न सांगता कळे. कुणी हसो, मला तर ही म्हातारी फार आवडते.

सगळ्यांत लाडकी हरणी गाय. हरणीचे वासरू जन्मताच गेले आणि तिने चारा सोडला. तानाक्काने तिच्या गळ्याला मिठी घालून तिला गोंजारले, हाताने घास भरवले. हरणीने मग त्या हातालाच आपले वासरू मानले. तानाक्काचा हात कासेला लागला की तिला पान्हा फुटे. दुसऱ्या कुणाचा लागला की लाथ बसे.

सून येसू मोठी हौशी. ती विचारी, "आत्याबाई, आज मी धार काढू?"

"नको गं बाई. तिला माझ्याशिवाय कुणी चालत नाही," तानाक्का म्हणे. म्हणताना म्हातारीचा चेहरा असा काही खुले, की जणू राजाने तिच्यासाठी पालखी धाडली आहे. येसू बिचारी गोठ्याच्या दारातूनच परत फिरे.

एका सकाळी तानाक्का शेणावरून घसरली आणि तिची कंबर धरली. उठणे सोडाच, कुशीवर वळणेही होईना. इकडे हरणीची कास दुधाने भरली. येसू कासंडी घेऊन गोठ्यात गेली आणि रिकामी कासंडी अन् सुजलेली पोटरी घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी कास दगडासारखी टणक झाली. हरणी उभ्या जागी थरथरू लागली.

गावचा म्हातारा गुराखी बघायला आला. तो म्हणाला, "दूध निघालं नाही तर सडं जातील, आणि ताप चढला तर गायही जाईल. पोरी, सासूचं लुगडं नेसून बघ. वासानं गाय भुलते कधी कधी."

येसूने सासूचे जुने लुगडे नेसले, डोक्यावरून पदर घेतला, सासूसारखीच वाकून चालत गेली. हरणीने लुगडे हुंगले आणि मान खाली घातली. आता जमले, असे येसूला वाटले. पण तिची बोटे सडाला लागली मात्र, कासंडी उडून गोठ्याबाहेर पडली.

हरणीचे हंबरणे तानाक्काला ऐकवेना. "मला बाजेसकट गोठ्यात न्या!" ती ओरडली. शेजाऱ्यांनी बाज उचलून गाईपाशी ठेवली.

"हरणे, अगं मरशील की! येसूला दूध का देत नाहीस?"

हरणी म्हणाली, "परक्या हाताला कशी देऊ? मला तुझ्याशिवाय कुणी चालत नाही, असं तूच रोज सांगायचीस. मी ते खरं मानलं."

तानाक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. "चुकलं गं माझं," ती म्हणाली. "तुझं माझ्यावाचून अडतं, याचंच मला सुख वाटायचं. म्हणून तुला दुसऱ्या कुणाची सवय लागू दिली नाही."

तिने येसूचा हात धरून कासेवर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. "हा हात ओळखून ठेव. हाही आपल्या घरचाच आहे." दोन्ही हात मिळून हलकेच धार काढू लागले. आधी थेंब आले, मग धार लागली. तेव्हा तानाक्काने आपला हात हळूच काढून घेतला. धार चालूच राहिली. गाय वाचली, पण एक सड मात्र कायमचे आटले.

तानाक्का काठी टेकत पुन्हा हिंडू लागली, पण गोठ्यात आता ती बाजूला बसे आणि येसूला शिकवी. शेळ्या येसूच्या हाकेला येऊ लागल्या. कुत्रा तिच्या हातची भाकरी खाऊ लागला. कोंबड्यांचे काय, दाणे दिसले की त्या कुणाच्याही!

पुढे काही वर्षांनी तानाक्का देवाघरी गेली. त्या सकाळी हरणी किती तरी वेळ दाराकडे बघत उभी होती. रडून डोळे सुजलेली येसू आत आली आणि तिच्या कासेशी बसली. हरणीने मान वळवून तिची पाठ चाटली आणि पान्हा सोडला. गोठ्यातले एकही जनावर त्या दिवशी उपाशी राहिले नाही.

लहानांनो, थोरांनो, ध्यानात धरायचे ते एवढेच: ज्याला जीव लावावा, त्याला आपल्यामागेही सुखाने जगता येईल असा लावावा.