रंगरावांचे रोजचे पिस्तूल

एका गावात रंगराव खोत नावाचे गुळाचे व्यापारी राहत. माणूस मोठा हसरा. दर बाजाराला मोटरसायकलवरून तालुक्याला जायचे. मागे लहानपणापासूनचा मित्र केरबा सुतार बसलेला असायचा, आणि दोघे सगळा रस्ता गाणी म्हणत जायचे. केरबाच्या आवाजाने वाटेतली म्हसरेसुद्धा चरायचे सोडून माना वर करत.

एकदा शेजारच्या गावच्या व्यापाऱ्याला त्याच वाटेवर चोरट्यांनी अडवले. रंगरावांनी धसका घेतला. त्यांनी रीतसर परवाना काढला आणि शहरातल्या दुकानातून पिस्तूल आणले. एक गोळी झाडली की दुसरी आपोआप चढणारे. दुकानदार म्हणाला, "रोज बाळगायला याच्यासारखं दुसरं नाही. चपटं आहे, हलकं आहे. अंगावर आहे हे तुम्ही विसरून जाल."

रंगराव एक क्षणही विसरले नाहीत. पुढे खोचले तर वाकताना पोटात रुतायचे. बाजूला अडकवले तर विजार त्या अंगाला घसरायची आणि भर बाजारात ती सावरत चालावे लागायचे. शेवटी त्यांनी ते कमरेला पाठीमागे लावले. रंगरावांची सोय झाली, पण पिस्तुलाची मूठ मागे बसलेल्या केरबाच्या पोटाला टोचू लागली.

केरबाने दोन बाजार सोसले. मग म्हणाला, "रंगा, रस्त्यात खड्डं किती हाईत ते तुला म्हाईत हाय. मी आपला यष्टीनं येतो."

तेव्हापासून रंगराव एकटेच जाऊ लागले. एकट्याने गाणे सुचेना. वाट लांब वाटू लागली, जीव घाबरू लागला, आणि हात सारखा कमरेमागे चाचपू लागला. गावातली माणसेही त्यांना पाहून बाजूला होऊ लागली. रंगरावांना वाटले, आपला मान वाढला.

मग निवडणूक लागली. परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करा, असा हुकूम निघाला. रंगरावांनी पडल्या तोंडाने पिस्तूल जमा केले. बाजाराच्या दिवशी त्यांनी केरबाच्या नाकदुऱ्या काढल्या.

"प्वाटाला काय टोचणार नसंल तर येतो," केरबा म्हणाला आणि टांग टाकून मागे बसला.

किती दिवसांनी गाडीवर गाणे झाले! रंगरावांना तर पोरासारखा आनंद झाला. परतताना दिवस बुडाला आणि चोरट्यांनी त्या व्यापाऱ्याला अडवले होते नेमक्या त्याच वळणावर चाक पंक्चर झाले. तेवढ्यात उसातून चार दांडगे गडी बाहेर आले. प्रत्येकाच्या हातात कोयता. रंगरावांचा हात झटकन कमरेमागे गेला. तिथे काहीच नव्हते.

केरबा पुढे होऊन म्हणाला, "राम राम पाव्हणं. जरा हात लावता का?"

ते ऊसतोडीचे मजूर होते, काम उरकून पालावर निघालेले. चौघांनी हसत हसत मोटरसायकल उचलून उसाकडेला उभ्या केलेल्या आपल्या रिकाम्या बैलगाडीत चढवली. या दोघांनाही वर घेतले. केरबाने गाणे धरले, गडी साथीला आले, आणि गाडी गावात शिरली तेव्हा लोक वरात आली म्हणून दारात येऊन उभे राहिले. रंगरावही हसत होते. पण कमरेला पिस्तूल असते, तर राम राम व्हायच्या आधी आपल्या हातून काय झाले असते, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला.

निवडणूक संपली. रंगराव ठाण्यात गेले. हवालदारांनी पिस्तूल टेबलावर ठेवले.

"हवालदारसाहेब, परवाना कायमचा सोडायचा तर काय करावं लागतंय?" रंगरावांनी विचारले.

"अर्ज द्यायचा," हवालदार चकित होऊन म्हणाले. "पण खोत, उद्या वाटेत चोर भेटला तर?"

"भेटला तर आम्ही दोघं असू," रंगराव म्हणाले. "हे कमरंला असलं की मी एकटाच असतोय."

तात्पर्य: रोज जवळ बाळगायची वस्तू वजनाला किती हलकी आहे एवढेच पाहू नये, ती बाळगल्याने आपल्या जवळचे कोण दूर जाते, हे आधी पाहावे.