ऊनपाखराचा पिंजरा

एक होता राजा. नाव त्याचं उदयभान. राण्या किती म्हणून विचारू नका, एकच होती, गिरजा राणी. आणि त्या राजाला सांभाळता सांभाळता तिचा जीव मेटाकुटीला यायचा, बरं का.

तर एकदा काय झालं, त्यांच्या राज्यावर धुकं येऊन बसलं. बसलं ते उठेचना. सकाळी धुकं, दुपारीही धुकं. धोतरं वाळेनात, पापड वाळेनात, शेतातल्या ज्वारीच्या कणसांत दाणा भरेना. आणि राणीला नुकतीच मुलगी झालेली, छकुली. तिचे दिवस तेल लावून कोवळ्या उन्हात धरायचे, आणि ऊन कुठाय? लंगोट ओले, दुपटी ओली. मग छकुलीला खोकला लागला. छाती घरघरायची, दूध ओढवेना. राणी शेगडीवर दुपटी शेकायची आणि डोळे पुसायची.

राजा घाबरला नव्हता असं नाही. पण घाबरला की तो धावत सुटायचा. तसा घोड्यावर बसला आणि डोंगरावरच्या म्हातारीकडे गेला. ती पाखरं पाळायची. तिनं त्याला मुठीएवढं पिवळं पाखरू दिलं आणि म्हणाली, "राजा, हे ऊनपाखरू. हे पहाटे गायलं की ऊन पडतं. पण जिवाला स्वस्थता असली तरच गातं. त्याला आरामात ठेव. आता आराम म्हणजे काय, ते नीट ऐकून जा."

ऐकायला थांबला का? थांबायचं नाव नाही. "आरामाची काळजी नको आजी, राजवाडा आहे माझा," म्हणाला आणि घोड्याला टाच मारली. असली माणसं असतात बघ, वेणू. अर्धं ऐकायचं आणि पळायचं. तुझे आजोबा असेच बाजारात जायचे.

काय म्हणतोस तानू? गोष्टीच्या नावात पिंजरा कशाला, सोडून का नाही दिलं? अरे, ते म्हातारीच्या ओंजळीत वाढलेलं. त्याला दाणा शोधता येत नव्हता आणि घार ओळखता येत नव्हती. बाहेर एक दिवस टिकलं नसतं. म्हणून पिंजरा. पण पिंजरा कसा असावा, तिथंच तर सगळा घोळ झाला.

राजानं सोनारांना बोलावलं. सोन्याचा पिंजरा घडवला, आत सोन्याची दांडी, आणि टांगला कुठं? दरबाराच्या मधोमध. म्हणजे सगळ्यांना दिसावा. मग काय, पाखराचे पाय त्या गुळगुळीत दांडीवरून सटासट घसरायला लागले. वरून धुक्यानं सोनं गार पडलेलं. पाखरू आपलं गजांना लटकून राहिलं. पहाटे गायलं नाही.

राणी म्हणाली, "अहो, त्याला धरायला काही खडबडीत द्या."

राजा म्हणाला, "तू छकुलीकडे बघ. हे मी बघतो."

मग त्यानं काय बघितलं, तर मखमलीची गादी शिवून घेतली. पाखरासाठी लोड आणि तक्क्या. पाखरू लोडाला टेकून बसतं का कधी? प्रधानजी म्हणाले, एकटं पडलं असेल. म्हणून आत आरसा लावला. झालं, पाखराला वाटलं घरात दुसरं कोणी घुसलंय. दिवसभर आरशावर चोची मारून मारून दमलं. पहाटे गायलं नाही. तिकडे छकुलीचं रडणंसुद्धा बारीक व्हायला लागलं होतं. मोठ्यानं रडायलाही ताकद लागते ना रे.

राणी म्हणाली, "अहो, तो आरसा काढा, आणि त्याला भिंतीच्या आडोशाला ठेवा."

राजा म्हणाला, "म्हणजे पाहुणचार कमी पडतोय."

आता सांगा, काय करावं या माणसाला? त्यानं पाखराचा जावयासारखा मान ठेवला. सकाळी श्रीखंड, दुपारी अनारसे. आचारी हात जोडून पिंजऱ्यापुढे, "घ्या ना, एवढं एक तरी घ्या." पाखराला घसा मोकळा करता यावा म्हणून पहाटेच्या आधीच सनई-चौघडा. आणि कहर म्हणजे दर तासाला एक हुजऱ्या यायचा, मुजरा करायचा आणि विचारायचा, "पाखरूमहाराज, आरामात आहात ना?" रात्रीसुद्धा मशाल घेऊन यायचा. पाखराचा जरा डोळा लागला की हा उभाच. पाखराची पिसं गळायला लागली. अंग फुगवून ते कोपऱ्यात बसून राहिलं. गाणं तर लांबच, चोचही उघडेना.

त्या दिवशी छकुलीनं दूध तोंडात घेतलं आणि तसंच बाहेर टाकलं. मग मात्र राणीचं डोकं फिरलं. छकुलीला खांद्यावर टाकून ती तरातरा दरबारात गेली. सनईवाल्यांना म्हणाली, "उठा." आचाऱ्याला म्हणाली, "ते श्रीखंड तुम्ही खा." हुजऱ्याला काही म्हणालीच नाही, नुसतं बघितलं. तो पळाला. तिनं पाखराला पदरात घेतलं आणि आपल्या खोलीत आणलं.

बुरुडाकडून कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कामट्यांचा साधा पिंजरा मागवला. चांगला रुंद, पंख पसरता येतील असा. आत पेरूच्या दोन फांद्या घातल्या, सालीसकट, एक जाड, एक बारीक. राळ्याच्या बारीक दाण्यांची वाटी ठेवली, पाण्याची वाटी ठेवली. फांदीच्या खाली नाही हं, बाजूला, नाहीतर त्यातच घाण पडते. पिंजरा भिंतीला लावला, कोपऱ्यात, वारा लागणार नाही असा. आणि दिवेलागणीला आपलं जुनं मऊ लुगडं त्यावर पांघरलं. हे तिला कोणी शिकवलं म्हणता? तान्हं बाळ निजवणाऱ्या बाईला शिकवायला लागत नाही. पोट भरलं, अंधार झाला आणि कोणी छळलं नाही की जीव झोपतो.

एवढ्यात दारात राजा. "अगं, मी एकदाच विचारतो त्याला, की—"

"नाही विचारायचं," राणी म्हणाली. "अहो, किती विचाराल? तुमच्या विचारण्यानं ते मरेल, आणि मग माझी पोरसुद्धा."

राजा तसाच उभा राहिला. मग खाली बसला आणि रडायला लागला. राजा झाला म्हणून काय झालं. म्हणाला, "गप्प बसलो की मला तिची छाती घरघरताना ऐकू येते गं. म्हणून मी काहीतरी करत राहतो."

राणीनं त्याच्याकडे बघितलं. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. चिडायचं अजून पुष्कळ शिल्लक होतं, पण तिला त्याची दयाच आली. म्हणाली, "बसा इथंच, माझ्याजवळ. पण तोंड मिटून."

मग सगळे गप्प बसले. पाखरानं लुगड्याखाली फांदी घट्ट धरली, मान पंखात घातली आणि झोपलं. छकुली राणीच्या मांडीवर झोपली. आणि राजा? तो भिंतीला डोकं टेकून असा घोरायला लागला, की राणीला वाटलं आता हाच पाखराला उठवतो. पण पाखरू काही उठलं नाही. इतक्या दिवसांची झोप राहिली होती त्याची.

पहाटे लुगड्याखाली जरा खुडबुड झाली. राणीनं हळूच लुगडं बाजूला केलं. पाखरानं एक पंख ताणला, मग दुसरा ताणला, मान वर केली आणि गायलं. अगदी लहानसं गाणं होतं, पण धुकं हललं. शेतांवरून उठलं, कौलांवरून उठलं आणि डोंगरापलीकडे निघून गेलं. खिडकीतून ऊन आत आलं. राणीनं छकुलीला उघडं करून उन्हात धरलं. छकुली शिंकली, हातपाय झाडले आणि भूक लागली म्हणून अशी मोठ्यानं रडली, की राणीला हसू आणि रडू एकदमच आलं. पोटभर दूध प्यायली पोर.

त्या रडण्यानं राजा दचकून जागा झाला. उन्हानं डोळे दिपले त्याचे. समोर पाखरू गातंय, पोर दूध पितेय, आणि हा काय म्हणाला असेल?

म्हणाला, "अगं, पाखराला नीट झोप लागली ना?"

राणीनं कपाळाला हात लावला. मग छकुलीला उचललं आणि त्याच्या मांडीवर दिलं. म्हणाली, "हिला धरा उन्हात. मी आता झोपते. आणि मला उठवून विचारायचं नाही, झोप लागली का म्हणून."

राजानं नाही विचारलं. दुपारपर्यंत पोरीला घेऊन तसाच बसून राहिला. मग ज्वारी भरली, पापड वाळले, छकुली बाळसं धरून रांगायला लागली, आणि ते सगळे सुखानं राहिले. चला, डोळे मिटा आता. पांघरूण पुरतंय, उशी नीट आहे, मी बघितलंय सगळं. मला कोणी काही विचारायचं नाही.