ठकीचं अंगण

"मग आता निघू ना, आक्का?"

भालचंद्रने हे विचारलं तेव्हा त्याची एक चप्पल पायात होती आणि दुसरी हातात.

"बस," आक्का म्हणाल्या.

"बसायला वेळ कुठाय? टेम्पो दारात उभा आहे."

"हा चहासुद्धा उंबऱ्यात उभ्यानंच पितो," बाजूला भोवऱ्यावर लाखेचा रंग चढवता चढवता सुलभा म्हणाली. "आज काय बसणार!"

टेम्पो खरोखरच उभा होता. लाकूड कातायचं नवंकोरं यंत्र दोरखंडाने बांधून त्यात चढवलेलं. कुडाळच्या बाजूला भालचंद्रने शेड घेतली होती. आपली खेळणी मुलखभर पोचवायची, या एकाच विचाराने तो गेले कित्येक दिवस धड जेवला नव्हता.

पण आनंदीआक्कांच्या कारखान्याची एक रीत होती. शिकून बाहेर पडणाऱ्याने शेवटचं काम आक्कांच्या ठकीसाठी करायचं. ठकी म्हणजे त्यांची लहानपणीची लाकडी बाहुली. रंग उडालेली, नाक झिजलेली. कुणी तिला चूल करून दिली होती, कुणी पलंग, कुणी जातं. काम ठकीला चाललं की आक्का म्हणत, "ये आता." त्या दोन शब्दांवाचून त्यांच्या हाताखालच्या कुणीही वेगळं दुकान थाटलं नव्हतं.

भालचंद्रने आपल्या कामाच्या परातीवरचं फडकं दूर केलं.

"सगळ्यांनी बिचारीला घरातच कोंडून घातलंय," तो म्हणाला. "मी तिला अंगण दिलं."

पाठीचा बाक. गोल मेज. बारीक कड्यांचा झोपाळा. आरामखुर्ची तर अशी, की तिचं कापड कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं झोळ पडलेलं.

सुलभा हातातलं काम टाकून आली. "अगं बाई! बोटाएवढं होऊन इथेच बसावंसं वाटतंय."

आक्कांनी झोपाळ्याला बोट लावलं. तो कितीतरी वेळ हलत राहिला. कडी कुरकुरली नाही.

"हात चांगला आहे तुझा."

भालचंद्रने दुसरी चप्पलही पायात सरकवली.

"आता ठकीला बसव."

त्याने कोनाड्यातून ठकी काढली आणि बाकावर ठेवली. ती बाकावर ताठ उभी राहिली.

आरामखुर्चीत ठेवली. घसरून खाली आली.

झोपाळ्यावर ठेवली. तोंडावर आपटली.

सुलभाला हसू आवरेना. "अरे भालूदादा, हिला गुडघे कुठायत?"

भालचंद्र बघतच राहिला. एकसंध लाकूड, मानेपासून पायापर्यंत सरळसोट. अशा शेकडो ठक्या त्याने स्वतः कातल्या होत्या. एकीलाही गुडघा दिला नव्हता.

बाहेर हॉर्न वाजला.

"आलो रे!" तो ओरडला. मग घाईघाईने म्हणाला, "सोपं आहे, आक्का. कमरेत कापतो, बिजागरी बसवतो. वरून रंग दिला की कळणारसुद्धा नाही."

त्याने करवत उचलली.

आक्कांनी ठकी उचलून त्याच्या हातात दिली.

"काप."

सुलभाचं हसणं थांबलं. भालचंद्रने करवत टेकवली. अंगठ्याखाली ते झिजलेलं नाक आलं. गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखं...

करवत हलेना.

"नको," तो म्हणाला. "हे सगळंच मोडतो. दुसरं करतो. उंच. उभ्याउभ्या टेकता येईल असं काहीतरी. उद्या देतो... नाही, आजच. टेम्पो थांबवतो. नाहीतर यंत्र पुढे पाठवतो आणि मी मागून..."

पुन्हा हॉर्न.

आक्कांनी त्याच्या मुठीतून ठकी सोडवून घेतली. तिच्या टाचा जमिनीला लावल्या आणि तिला तिरकी करून डोकं बाकाच्या पाठीला टेकवलं. मेजावर एक चिंचोका ठेवला.

"ऊन उतरलं गं," त्या ठकीला म्हणाल्या. "वारा बघ कसा सुटलाय. खाऊन घे."

आणि त्या स्वतःही खांबाला टेकून निवांत झाल्या.

सुलभाने नकळत पाय पसरले.

"आक्का," भालचंद्र म्हणाला, "ती बसलेली नाही. तुम्ही तिला नुसती टेकवलीय."

हॉर्न वाजतच राहिला. भालचंद्र दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा दाराकडे वळला.

"निदान एवढं तरी सांगा! माझं काम चाललं की नाही? जाऊ की नको?"

आक्कांनी ठकीवरची नजर काढली नाही.

"ती केव्हाची बसलीय, भालू. उभा तू आहेस."