गाळणी हटली नाही
यंत्रं एकमेकांशी भांडत असत, त्या काळची गोष्ट. सूर्यग्रहण पाहायला शाळेची मुलं टेकडीवर जमली होती. दुर्बिणीच्या संगणकाने गणित करून नळी फिरवली आणि म्हणाला, "सूर्य इथेच आहे."

दुर्बिणीने पाहिलं, तर नुसता अंधार. तिचं डोकंच फिरलं. सूर्याचं प्रखर तेज गाळायला तोंडावर बसवलेल्या काळ्या गाळणीवर ती खेकसली, "तूच माझा डोळा झाकलास! हट बाजूला!"

"माझं गणित चुकत नसतं," संगणकही गरजला. "काढून फेका तिला!"

गाळणी संतापाने थरथरली. "आधी नेम तरी नीट धरा! मी हटले आणि मग सूर्य सापडला, तर डोळा लावणारं पहिलंच पोर आंधळं होईल. फोडा मला, पण मी हलणार नाही!"

तेवढ्यात मुलांच्या शिक्षिका वैजयंतीबाई आल्या. नळीची जमिनीवरची लांब सावली अगदी आखूड होईपर्यंत, म्हणजे नळीचं तोंड थेट सूर्याकडे वळेपर्यंत, त्यांनी ती सरकवली आणि संगणकाला बजावलं, "सूर्य हा इथे आहे. आता याच्या मागे चाल."

चंद्राने घास घेतलेला केशरी सूर्य दिसला. "दुर्बीण काय भारी आहे!" मुलं ओरडली. दुर्बीण फुगली.

गाळणीचा राग काही गेला नाही. रागातच ती ग्रहण सुटेपर्यंत दुर्बिणीचं तोंड घट्ट धरून बसली.