धुतलेलं पाणी

“चूक तुमची होती. हो की नाही, सर?”

बोंद्रे सर निवृत्त होत होते, प्रयोगशाळा रिकामी करत होते. दोन वर्षांपूर्वी पीएच.डी. अर्धवट टाकून गेलेला उन्मेष गवारे दारातच उभा होता.

“बस.”

“बसायला नाही आलो.”

सर टेबल पुसू लागले. म्हातारी माणसं असंच करतात. चूक दाखवली की फडकं शोधतात.

उन्मेषचं काम एका प्रथिनावर होतं. ते पेशीच्या पडद्यात बसतं, बाहेरचा निरोप आत पोचवतं. पडदा मेदाचा, चरबीचा. सरांचा हुकूम एकच: साबणाने धू, चरबी पार काढ, मग निरोप देऊन बघ. चार वर्षं धुतलं, चरबीचं पाणी फेकत गेलो. प्रथिन मुकंच.

“तिसऱ्या वर्षी विचारलं होतं मी, थोडी चरबी राहू देऊ का? सगळ्यांसमोर हसलात. ‘गवारे, चरबी म्हणजे भिंत. भिंत कधी निरोप पोचवते का रे?’”

“म्हणालो होतो.”

“परवा कुठल्याशा परक्या माणसाने छापलंय. मेद चिकटलेला असेल तरच प्रथिन निरोप घेतं. माझं वाक्य आहे ते!”

...

सरांनी फ्रीझर उघडला. आत एकच नळी उरली होती. त्यांनी बर्फ झटकून ती टेबलावर ठेवली. वर उन्मेषचंच अक्षर: ‘धुतलेलं पाणी. फेकणे.’

“फेकलं नाहीत?”

“तू गेलास त्या आठवड्यात यातली चरबी वेगळी केली. प्रथिनाला परत दिली.”

“मग?”

“बोललं.”

उन्मेष खाली बसला.

“दोन वर्षं, सर... एक फोन नाही करता आला?”

“करायचो. खालच्या ऑफिसातून. तू ‘हॅलो, कोण?’ म्हणायचास... मी ठेवून द्यायचो.”

“ते तुम्ही होतात?”

सरांनी फडकं परत हातात घेतलं. नळीवर उरलेला बर्फ वितळून लेबलावरची शाई पसरायला लागली होती.

“निदान छापायचं तरी होतंत!”

“वर तुझं नाव घालावं लागलं असतं. मग लोकांनी विचारलं असतं, तो मुलगा कुठाय?”

...

“चाळीस वर्षांत एकदाच काही सापडलं, उन्मेष. कुणालाच सांगितलं नाही.”