फक्कीची घरे

एकदा एका तळ्याकाठच्या नगरात चाळीस नवी घरे बांधायचे ठरले, आणि ज्यांच्यासाठी ती बांधायची त्या चाळीसही कुटुंबांनी ती घेण्यास नकार दिला. ऐकणाऱ्याला हे खोटे वाटेल, कारण घर नको म्हणणारा माणूस आपल्याकडे शोधूनही सापडत नाही. पण त्या नगरात असे घडले खरे, आणि तेही एका अत्यंत सज्जन नगराध्यक्षाच्या कारकिर्दीत.

नगर दिसायला मोठे देखणे होते. माघ-फाल्गुनात पहाटे तळ्यावरून धुके उठे, हलके हलके गल्ल्यांत शिरे, आणि मग बराच वेळ देवळाचा कळस, पाण्याची टाकी आणि नगरपालिकेचा झेंडा एवढेच काय ते वर तरंगताना दिसे. बाहेरगावचे लोक ते पाहायला मुद्दाम मुक्कामाला येत. त्या धुक्याच्या अगदी तळाशी, पाण्याला लागून, परीट आळी होती. धुके पाहायला सुंदर असते, त्यात राहायला नसते. आळीतल्या भिंती बारा महिने ओल्या असत, म्हाताऱ्यांचे खोकले उन्हाळ्यातही थांबत नसत, आणि पावसाळ्यात तळे न विचारता घरात येऊन बसे. मागच्या श्रावणात दोन घरे बसली. माणसे बाहेर होती म्हणून वाचली.

म्हणून माळावर जागा धरून चाळीस घरांसाठी निधी आणण्यात आला. अट एकच होती. मार्च संपण्यापूर्वी सर्व कुटुंबांची संमती घेऊन सभेत ठराव व्हायला हवा. नाहीतर निधी परत जाणार आणि पुढचा पावसाळा पुन्हा त्याच ओल्या भिंतींआड काढावा लागणार.

नगराध्यक्ष तरुण होता आणि मनापासून चांगले करू पाहणारा होता. नगरपालिकेत वशिला चालतो हे त्याने लहानपणापासून ऐकले होते, आणि आपल्या हातून एकही काम वशिल्याने होऊ द्यायचे नाही असा त्याचा निश्चय होता. कोणते घर कोणाला, हे ठरवण्यासाठी त्याने भर चौकात सोडत काढली. चिठ्ठ्या उचलायला परगावाहून नुकतेच बदलून आलेले पोस्टमास्तर बोलावले, कारण त्यांची इथे कोणाशीच ओळख नव्हती. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. परीट आळीतल्या केसरबाईंनी तर उठून सांगितले, की असा सरळ कारभार त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

आणि पंधरा दिवसांनी संमतीचे कागद घेऊन कारकून आळीत गेला, तेव्हा सर्वांत आधी नाही म्हटले ते याच केसरबाईंनी. घर चांगले आहे, पण मला नको, एवढेच त्या बोलल्या. केसरबाईंचा शब्द आळीत मोडत नसे. त्यांनी अंगठा दिला नाही, म्हणून शेजारणीने दिला नाही, आणि दुपारपर्यंत कारकून चाळीस कोरे कागद घेऊन परतला.

नगरपालिकेत मग तर्कांना ऊत आला. कोणी म्हणाले, बाईला दोन घरे हवीत. कोणी म्हणाले, तळ्याकाठच्या जागेवर तिचा डोळा आहे. हरकती मांडण्यासाठी सभा बोलावण्यात आली आणि प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटे देण्यात आली. केसरबाई आल्या, पदर सावरून उभ्या राहिल्या, दोन मिनिटे जमिनीकडे पाहत राहिल्या आणि जाऊन बसल्या. तरुण नगराध्यक्षाला ते फार लागले. ज्यांच्यासाठी आपण झोप घालवली ते आपल्याशी बोलायलाही तयार नाहीत, असे त्याला वाटले. मला त्याचा राग समजतो. चांगल्या माणसाला राग कमी वेळा येतो, पण येतो तेव्हा तो स्वतःला न्याय समजतो.

नगरात एक वृद्ध गुरुजी होते. नगरपालिकेच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे शिकवले होते, पुढे दोन वेळा नगरसेवक होते, आणि आता तळ्याच्या पायऱ्यांवर बसून धुके विरताना पाहणे हा त्यांचा एकमेव उद्योग होता. नगराध्यक्ष त्यांचाच विद्यार्थी. मार्च संपायला आठ दिवस उरले असताना तो त्यांच्याकडे गेला आणि त्याने सगळी हकिकत सांगितली. निधी परत करतो आणि मोकळा होतो, असेही म्हणाला.

गुरुजींनी ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले, की माळावर घरांची आखणी झाली आहे का. नाही, असे उत्तर आल्यावर ते म्हणाले, "उद्या करून टाक. चाळीसही घरांची फक्की मार."

पाया खणण्यापूर्वी जमिनीवर चुन्याच्या भुकटीने रेषा ओढतात, त्याला आपल्याकडे फक्की मारणे म्हणतात. संमतीच नाही तर आखणी कसली, असा प्रश्न नगराध्यक्षाच्या मनात आला. पण गुरुजींना उलट विचारण्याची त्याला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी मुकादमाने सुतळी धरून सर्व घरे जमिनीवर उतरवली. दहा-दहा घरांच्या चार ओळी, मध्ये गल्ल्या, प्रत्येक घराला एक दार, आणि दारात चुन्यानेच लिहिलेला नंबर.

गुरुजी स्वतः परीट आळीत गेले. त्यांनी अंगठा मागितला नाही. तीन दिवस माळावर येऊन राहा, एवढेच मागितले. सकाळी भाकरी बांधून यायचे, ज्याला जे घर लागले त्या रेषांच्या आत बसायचे, आपले रोजचे काम तिथे करायचे, आणि दिवस कलला की परत यायचे. केसरबाईंनी गुरुजींच्या तोंडाकडे पाहिले आणि त्यांना नाही म्हणता आले नाही.

त्या तीन दिवसांबद्दल नगरातले लोक पुढे बरीच वर्षे बोलत. पहिल्या सकाळी धुके तळ्यावरून चढत माळापर्यंत आले. त्या पांढऱ्यातून माणसे डोक्यावर गाठोडी घेऊन येत होती, पांढऱ्या रेषांपाशी थांबत होती, नंबर वाचून घेत होती आणि नसलेल्या दारातून आत जात होती. एका म्हाताऱ्याने आत जाताना सवयीने मान वाकवली. कुठे चूल मांडली गेली, कुठे इस्त्रीचे कोळसे फुलले. एका सुनेने काहीच नसलेल्या कोपऱ्यात देव मांडले आणि तिथून पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पायातले काढायला लावू लागली. केसरबाईंची जाऊ तानूबाई अंथरुणाला खिळलेली होती; तिला बाजेसकट हातगाडीवरून वर आणण्यात आले आणि तिच्या नंबराच्या घरात, डोक्यावर ताडपत्री धरून, ठेवण्यात आले. धुके हटले तेव्हा भिंती नसलेले एक अख्खे गाव उन्हात बसले होते, आणि आत बसलेली माणसे एकमेकांशी हळू आवाजात बोलत होती, जणू भिंती होत्या.

गुरुजी मात्र माळाच्या कडेला बसून होते. मुकादमाकडे फक्कीचे एक पोते उरले होते, त्यावरच त्यांनी बैठक मारली होती.

दुपार झाली तशी माणसे गाव असल्याचे विसरू लागली. कोणी रेष ओलांडून शेजारी तपकीर मागायला गेले, कोणी दोन घरे तुडवत निघाले. संध्याकाळपर्यंत रेषा जागोजागी पुसल्या गेल्या. नगराध्यक्ष पाहणीला आला आणि त्याचा जीव तुटला. त्याने मुकादमाला रेषा पुन्हा मारायला सांगितले. मुकादम पोत्याकडे गेला आणि तसाच परत आला, कारण गुरुजी उठायला तयार नव्हते.

"मारायच्या नाहीत," ते म्हणाले. त्याहून जास्त काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही तेच. नगरसेवक येऊन हसून गेले. म्हातारपणी माणसाला पोतेही सोडवत नाही, असे एकजण त्यांच्या देखत म्हणाला. गुरुजींनी त्याला बसायला थोडी जागा करून दिली. नगराध्यक्ष मात्र शरमला. आपल्या गुरूंचे वय झाले, आणि आपण आठ दिवसांतले तीन या खेळात घालवले, असे त्याच्या मनात आले. त्या विचाराचीही त्याला शरम वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी गुरुजींनी त्याला माळाच्या वरच्या टेकाडावर नेले. मागून नगरसेवक आले, आळीतली माणसेही सवयीने गाठोडी घेऊन आली. धुके अजून खाली पसरलेले होते आणि ते हळूहळू ओसरत होते. आधी पहिल्या ओळीच्या रेषा दिसल्या, मग दुसरीच्या. काही रेषा पहिल्या दिवसाइतक्याच ठसठशीत होत्या. काही फिकट झाल्या होत्या. तिसऱ्या ओळीतल्या चार घरांच्या मागच्या रेषांचा मागमूसही उरला नव्हता. तिथे बायकांनी एकत्र बसून कपड्यांच्या घड्या घातल्या होत्या. आणि पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या घरापासून शेवटच्या ओळीतल्या नवव्या घरापर्यंत एक तिरपी वाट गेली होती. गल्ल्या सोडून, नऊ घरांच्या भिंती कापून, ती सरळ गेली होती. पायांनी माती उघडी पडून ती तांबूस झाली होती.

नगराध्यक्षाने विचारले, की ही वाट कोणाची.

केसरबाई पुढे आल्या. "माझी हाय, सायेब," त्या म्हणाल्या. "त्या टोकाला माझी जाऊ हाय. तिला उठता येत न्हाई. आळीत आमची घरं लागून हायत. तिचा आवाज बारीक झालाय, पण भितीपल्याडनं मला ऐकू येतो. हितं पयल्या दिशी मी गल्लीनंच जात हुते. दुपारी तिला ठसका लागला. कुणीतरी सांगत आलं. मी गल्लीनं धावले, पोचस्तवर तिचं डोळं पांढरं झालं हुतं. मग मी भितीतनं जायाला लागले. खऱ्या भिती झाल्यावर कुठनं जाऊ?"

नगराध्यक्षाने विचारले, की हे सभेत का नाही सांगितले. एवढेच होते तर आधीच काहीतरी करता आले असते.

"सोडत समद्यांच्या देखत झाली. तुमी चांगल्या मनानं केली. माझ्या एकटीसाठी ती मोडा, असं म्हणायचं कसं? त्यापरीस नगंच म्हनलं."

गुरुजींनी नगराध्यक्षाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "तुझ्या सोडतीत खोट नव्हती. चिठ्ठ्या उचलणाऱ्याला कोणीच ओळखीचे नसावे, ही काळजी तू घेतलीस, ती योग्यच होती. पण घर देणाऱ्यालाही कोणी ओळखीचे नसले, तर तो माणसांना नंबर देतो, शेजार देत नाही. सभेत विचारले की माणूस भिडेने गप्प राहतो. चालताना त्याला भीड आठवत नाही. या रेषा पुसल्या म्हणून तुला वाईट वाटले. तू त्या रोज नव्याने मारल्या असत्यास, तर आज इथे उभे राहून तुला तुझाच आराखडा दिसला असता."

एका नगरसेवकाने शंका काढली, की एकीला घर बदलून दिले तर उद्या सगळेच मागतील. नगराध्यक्ष म्हणाला, "मागू दे. आजच मागू दे."

त्याने सर्वांना खाली माळावर नेले आणि सांगितले, की ज्याला जिथे राहावेसे वाटते तिथे त्याने जाऊन उभे राहावे. दुसऱ्याने आपखुशीने जागा सोडली तरच अदलाबदल होईल. तानूबाईच्या शेजारचे घर एका मध्यमवयीन माणसाला लागले होते. ते कोपऱ्याचे घर होते. तिथून सगळे तळे दिसे, आणि आपल्याला ते लागले म्हणून त्याने सोडतीच्या दिवशी पेढे वाटले होते. तो आपल्या रेषांच्या मधोमध उभा राहिला. एकदा त्याने तळ्याकडे पाहिले. मग त्याने खाली वाकून आपले गाठोडे उचलले, आणि पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या घरात जाऊन ठेवले. त्याने आपले घर सोडलेले पाहिल्यावर मग इतरही उठले. दुपारपर्यंत अकरा कुटुंबांनी जागा बदलल्या, आणि तिसऱ्या ओळीच्या मागे घड्या घालायला मोकळी जागा सोडावी म्हणून चार घरे थोडी पुढे ओढण्यात आली. संध्याकाळी कारकून अंगठ्यांचे चाळीस कागद घेऊन निघाला. गुरुजींनी पोते मुकादमाच्या हवाली केले, आणि ते घरी निघाले तेव्हा त्यांचे गुडघे किती दुखतात हे प्रथमच सर्वांना कळले.

दोन दिवसांनी सभा भरली. अदलाबदलीचा ठराव वाचून झाला. कारकुनाने लेखणी थांबवली आणि अडचण सांगितली, की सोडतीत निघालेले घर बदलायचे तर ठरावात कारण नमूद करावे लागते, आणि नियमांत जी कारणे दिली आहेत त्यांतले एकही इथे बसत नाही. नात्याचे म्हणावे, तर जाऊ वेगळ्या रेशनकार्डावर आहे. आजाराचे म्हणावे, तर आजारी बाईचे घर बदलतच नाही.

नगराध्यक्षाने क्षणभर डोळे मिटले. माळावरची ती तांबूस, तिरपी वाट त्याला पुन्हा दिसली असावी.

"लिहा," तो म्हणाला. "हाक ऐकू यावी म्हणून."

कारकुनाने गुरुजींकडे पाहिले. ते पाठीमागच्या बाकावर बसले होते, आणि ते आता कोणाकडेच पाहत नव्हते. कारकुनाने ते तसेच लिहून घेतले. ठराव एकमताने मंजूर झाला.

आपलाही शेजार असाच कोणीतरी आखलेला असतो. त्यातली एखादी रेष आपल्या पायाने कधी पुसली का, एवढे प्रत्येकाने पाहावे.